मानाचे बारा, मापाचे सोळा

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. तरी लग्नात कुणी नेव्ही ब्लू कोट घालून मिरवताना दिसला की माझी नजर आधी त्याच्या खांद्याच्या शिवणीकडं जाते. बायको कोपरानं ढोसते, "अहो, पाहुण्यांकडं असं काय टक लावून बघताय?" तिला काय सांगू? अर्धं आयुष्य मी असल्या कोटांच्या भानगडीत घातलंय.

कोल्हापूरजवळच्या एका लहान कॉलेजात मी शारीरिक शिक्षणाचा प्राध्यापक होतो. कागदावर हुद्दा मोठा होता, पण पोरं 'जाधव सर' म्हणायची आणि शिपाई 'शिट्टीवालं सर'. पंधरा ऑगस्टचं संचलन, रक्तदान शिबिर, परीक्षेतली पर्यवेक्षणं, गॅदरिंगला मारामारी झाली की ती सोडवणं, हे सगळं माझ्याकडं. त्यातून वेळ उरला तर खेळ. आणि खेळ कुठला, तर बास्केटबॉल. ह्या गावात लोक कुस्तीला जीव टाकतात, फुटबॉलवरून तालमी-तालमींत वर्षानुवर्षं बोलणं बंद असतं. तिथं बास्केटबॉल शिकवायचा म्हणजे तांबड्या रश्श्याच्या पंगतीत दहीभात वाढत फिरायचं. कुणी नको म्हणत नाही, पण मागून पण कुणी घेत नाही.

आमचं मैदान म्हणजे सिमेंटचा कोबा. आसपासच्या घरांना तेवढी सपाट जागा दुसरी नव्हती, त्यामुळं ऊन तापायला लागलं की तिथं मिरच्या वाळत पडायच्या. एकदा मी शिट्टी वाजवून जरा आवाज चढवला, तर कंबरेवर हात ठेवून एक मावशी म्हणाल्या, "सर, पोरास्नी पलीकडच्या टोपल्यात चेंडू टाकाय सांगा की! हिकडची मिरची अजून वाळली न्हाय." तो आठवडा आम्ही अर्ध्या मैदानावर शिंकत शिंकत खेळलो.

आता कोटांचं सांगतो, म्हणजे परक्या माणसाला कळेल. जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या लहान कॉलेजांच्या क्रीडाशिक्षकांनी मिळून एक मंडळ केलं होतं. मोठ्या कॉलेजांपुढं आमच्या पोरांचा निभाव लागायचा नाही, त्यांचं नाव कुठंच यायचं नाही. म्हणून हंगाम संपला की आम्ही आमच्यातलेच बारा खेळाडू निवडायचो. त्यांना म्हणायचं 'मानाचे बारा'. आणि एक 'मानाचा मार्गदर्शक', त्याला फेटा. बारा जणांना खिशावर मंडळाचा बिल्ला असलेला ब्लेझर मिळायचा आणि रविवारी शहरातल्या जाणत्या खेळाडूंशी त्यांचा सामना व्हायचा. सामना बहुतेक वेळा आम्ही हरायचो, पण कोट पोरांकडं राहायचा. आमच्या पोरांच्या अंगावर तो पहिलाच कोट असायचा. कित्येकांनी पुढं लग्न त्याच कोटात केलं, बिल्ल्यासकट.

सर्वोत्कृष्ट खेळाडूला चषक पण असायचा. त्याची वेगळीच रड. त्या काळात आमच्या इथल्या दुकानात चषकावर बसवायचे पुतळे म्हणजे पैलवान, फुटबॉलवाला नाहीतर क्रिकेटचा फलंदाज. बास्केटबॉलवाला मिळायचाच नाही. दुकानदार फलंदाजाची बॅट मोडून नुसत्या मुठी उगारलेला पुतळा बसवून द्यायचा आणि म्हणायचा, "लांबनं कळत न्हाय सर." एका पोरानं व्यासपीठावरच चषक फिरवून बघितला आणि माईकसमोर विचारलं, "सर, ह्यो कुणाला दम देतोय?" प्रमुख पाहुण्यांना हसू आवरेना.

मार्गदर्शकाच्या फेट्याचं तर विचारूच नका. नियम असा, की स्वतःचं नाव स्वतः सुचवायचं नाही. मग दुसऱ्यानं सुचवावं म्हणून काय काय चालायचं! हातकणंगल्याकडचे आमचे चौगुले सर दर साली गुऱ्हाळ सुरू झालं की गुळाच्या ढेपा घेऊन एकेकाच्या दारात हजर. फेट्याचा विषय काढायचे नाहीत, नुसतं "वहिनी, चहाला बरा हाय बघा" म्हणून बसून राहायचे. शेवटी एका वर्षी सगळ्यांना लाज वाटली आणि फेटा त्यांना दिला. चौगुले डोळे पुसत म्हणाले, "आता पुढल्या साली कुणाच्या दारात जाऊ गूळ घेऊन?" आणि खरोखरच गूळ बंद झाला. माझी बायको अजून त्या निवडीला नावं ठेवते.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. पण ह्या कामात मी दमलो तो धावपळीनं नाही, तर नावं गाळून. बारा निवडायचे म्हणजे बाकीच्यांना नाही म्हणायचं. दर वर्षी कुणाचा तरी बाप दारात उभा, कुणी बोलणं टाकलेलं, कुणी पोरगा मैदानच सोडून गेलेला. मला शेवटी शेवटी फेब्रुवारी महिनाच नकोसा वाटायचा. त्यातली एक निवड मात्र अजून मनातून जात नाही.

अशोक कांबळे चंदगड तालुक्यातल्या एका गावचा. बाप गोव्याला गवंडीकामावर, वर्षातून दोनदा घरी. आई काजूच्या कारखान्यात काजू सोलायला जायची, टरफलातल्या तेलानं तिच्या बोटांची कातडी काळी पडलेली. घरात एक आजा, आईचा सासरा. पोरगा माझ्याकडं आला तेव्हा दाराच्या चौकटीत वाकून आत आला. मी बाकी काही विचारलंच नाही, म्हटलं, "चेंडू धरलायस कधी?" म्हणाला, "न्हाय सर. पर नारळ उतरवलेत."

तीन वर्षांत तो असा तयार झाला की बोलायची सोय नाही. रिंगला लागून परतणारा चेंडू दुसऱ्याच्या हातात जाऊच द्यायचा नाही. पोरं त्याला 'काजू' म्हणायची. स्वभावानं गरीब, बोलणं मोजकं. शेवटच्या वर्षी तो निवड शिबिराला बोलावतात त्या सोळा जणांत आला.

आता ह्या शिबिरात एक गोष्ट आम्ही कायम उलटी करत आलो होतो. शिबिर सोमवारी सुरू, निवड शनिवारी, आणि कोट वाटायचा समारंभ पुढच्या रविवारी. निवड झाल्यावर माप घेतलं तर आठवड्यात बारा कोट शिवून होतात होय? म्हणून टेलर पहिल्याच दिवशी येऊन सोळाच्या सोळा पोरांची मापं घ्यायचा. आमचे टेलर दस्तगीर मास्तर. चष्मा नाकाच्या टोकावर, टेप गळ्यात. पोराला समोर उभं करायचे, "श्वास सोड रं, छाती फुगवून कोट मोठा हुत न्हाय," असं म्हणायचे आणि खांदा, छाती, हात सगळं नीट दाबून मापायचे. शनिवारी चार नावं गळाली की त्यांची मापं नुसती पडून राहायची. त्या चौघांना काय वाटतं, हे बघायला आम्हाला सवड नव्हती. रीतच होती तशी.

सोमवारी संध्याकाळी अशोकनं शिबिरातून आपल्या गावच्या किराणा दुकानात फोन लावला. एस.टी.डी.चा फोन तेवढाच होता. आईला बोलावून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "आई, आज कोटाचं माप घेतलं." माप घेतलं म्हणजे झालं की! अजून काय राहिलं? दुकानात उभ्या असलेल्या चार माणसांनी ते ऐकलं आणि रातोरात अशोक कांबळे मानाचा खेळाडू झाला.

शनिवारी निवड समिती बसली. आमचा एक नियम मात्र चोख होता. ज्याच्या पोराचं नाव चर्चेला येईल त्या सरांनी उठून बाहेर जायचं. अशोकचं नाव आल्यावर मी बाहेर येऊन पाण्याच्या टाकीजवळ उभा राहिलो. बराच वेळ झाला. मग चौगुले बाहेर आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जाधव, उंच पोरं आदीच चार झाल्यात. चेंडू पुढं न्यायला कोण न्हाय. त्या वडगावच्या बारक्याला घेतला आम्ही." निवड बरोबर होती. मी आत असतो तर मीही तेच म्हणालो असतो, आणि हेच जास्त लागलं.

नावं वाचली तेव्हा अशोक मागं उभा होता. संपल्यावर पुढं आला, माझ्या पाया पडला आणि बॅग भरायला गेला.

सोमवारी सकाळी मी कॉलेजात पाय ठेवतो तर प्राचार्यांच्या खोलीबाहेर पांढरी टोपी घातलेले एक धिप्पाड गृहस्थ उभे. हातात नारळ. अशोकच्या गावचे सरपंच, गावात सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. मला बघून अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पावणं, जाधव सर तुमीच न्हवं? येत्या गुरवारी गावात सत्कार ठेवलाय आमच्या अशोकचा. पाटी रंगवून झाली, हलगी सांगितली. प्रमुख पाहुणे तुमी. न्हाय म्हणायचं न्हाय!"

मी म्हटलं, "अण्णा, बसा जरा, एक सांगायचं आहे." तेवढ्यात खांबाआडून अशोक पुढं आला. अण्णांना नमस्कार करून मला म्हणाला, "सर, येताय न्हवं तुमी?" आणि डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. अण्णा गेल्यावर मी त्याच्यावर भडकलो. "खुळा हायस काय? पाटी रंगवलीय तिथं!"

"सर, मी सांगणार हाय," तो म्हणाला. "पर गावात. आजाच्या म्होरं. तुमच्या तोंडनं नको."

"मग आज ह्यांना का नाही सांगितलंस?"

"सर, अण्णा 'आमच्या गावचा' म्हणत्यात. आतापतोर आमास्नी 'खालच्या वस्तीवरलं' म्हणायचे. आई पैल्यांदाच ऐकतीया. चार दिस ऐकू दे तिला."

मी सुद्धा ह्याच मातीत वाढलोय. खालची वस्ती म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पोरगं जे मागत होतं ते कोटापेक्षा मोठं होतं आणि गुरुवारी ते त्याच्या हातून जाणार होतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

गुरुवारी आम्ही दोघं एस.टी.नं निघालो. गडहिंग्लज गेलं, मग चढ सुरू झाले, काजूच्या झाडांना मोहोर आलेला. अशोक खिडकीशी बसून होता. गुडघे पुढच्या बाकड्याला टेकलेले, हात मांडीवर. मी मधेच म्हटलं, "घाबरलायस?" म्हणाला, "व्हय सर."

गाव फाट्यावरच उतरवून घ्यायला आलं होतं. हलगी कडाडत होती. शाळेच्या मैदानात मांडव, त्यावर पाटी: 'आमच्या गावचे भूषण'. पुढं खुर्च्यांवर अण्णा आणि पंच मंडळी, मागं सतरंजीवर बाकीचे. खालच्या वस्तीवरची माणसं शाळेच्या भिंतीला धरून उभी होती, त्यांना पुढं या असं कुणी म्हटलं नव्हतं आणि ती आपणहून आली नव्हती. अशोकची आई त्यांच्यातच होती. नवं लुगडं, पदर दोन्ही खांद्यांवर ओढून घेतलेला.

अण्णा भाषणाला उभे राहिले आणि सुटलेच. गावाचं नाव, तालुक्याचं नाव, जिल्ह्याचं नाव. मग म्हणाले, "आता फेटा बांधायचाय, पर त्याआदी अशोक दोन शब्द बोलंल." मी खुर्चीच्या दांड्या घट्ट धरल्या.

अशोकनं माईक हातात घेतला. स्टँड त्याला पुरतच नव्हता. म्हणाला, "माझी निवड झाली न्हाय." हलगीवाला काठी सारखी करत होता, तो थांबला. "मी खोटं बोललो न्हाय. माप घेतलंतं. माप सोळा जणांचं घेत्यात, निवडत्यात बारा. मी त्या बारांत न्हाय. तुमी एवढं केलं, मला माफ करा."

मग मागनं एकजण म्हणाला, "मग कशाला बोलवलं आमास्नी?" दुसरा हसला. पंचांपैकी एकानं पाटीकडं बघून मान हलवली. अण्णांचा चेहरा पडला होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी उठलो. आयुष्यभर भाषणं केलेला माणूस मी. जिल्ह्यातल्या इतक्या पोरांतून सोळांत येणं काय असतं ते सांगायला लागलो, पण ते माझं मलाच पोकळ वाटत होतं. लोक चपला शोधायला लागले होते.

तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला, "माप कशानं घेतलं?"

अशोकचा आजा. काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. अशोक म्हणाला, "टेपनं, आजा."

"अंगाला लावून?"

"व्हय."

"खांद्याला? छातीला?"

"व्हय आजा. सगळीकडं."

म्हातारा चार पावलं पुढं आला. माईक नव्हता त्याच्यापुढं, पण आता सगळं मैदान ऐकत होतं. "माझ्या लग्नाची पैरण शिवाय गेलतो, तवा शिंप्यानं मला अंगणात हुबं केलं आन् कट्ट्यावरनंच बघून शिवली. हात लावून माप घ्यायची रीत न्हवती आमचं. पैरण खांद्यात आखूड झाली. हात वर केला की उसवायची. लग्नात मी हात वर केलाच न्हाय." त्यानं काठी अशोककडं केली. "ह्याच्या खांद्याला टेप लावून माप घेतलं. कोट मिळू दे न्हायतर न्हाय. मला तेवढं बास हाय."

एवढं बोलून तो परत भिंतीकडं निघाला. चपला शोधणारे जिथल्या तिथं थांबले. पुढच्या खुर्च्यांतली वयस्क माणसं जमिनीकडं बघत बसली. ती पैरण कुणी शिवली असेल, हे त्यांच्यातल्या काहींना माहीत असणार. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

अण्णा टेबलाजवळ फेट्याचं कापड हातात धरून उभे होते. मग खाकरले आणि त्यांच्या नेहमीच्या रांगड्या आवाजात म्हणाले, "अशोक, खाली बस. उभ्यानं माझा हात पुरत न्हाय तुज्या डोस्क्याला."

अशोक खुर्चीवर बसला. अण्णांनी त्याचं डोकं दोन्ही हातांनी सरळ केलं, केस मागं सारले आणि फेटा बांधायला घेतला. घाई केली नाही. एकदा सैल वाटला तर उलगडून पुन्हा बांधला. बांधून झाल्यावर वळून म्हणाले, "आजोबा, हिकडं या. फोटोला हिथं पायजे तुमी. ए, खुर्ची दे रं त्यास्नी!" हलगी वाजली. त्या दिवशी गाव सुधारलं वगैरे मी म्हणणार नाही. पण त्या एका फोटोत म्हातारा मधल्या खुर्चीत बसलाय, एवढं खरं.

संध्याकाळच्या गाडीला मला सोडायला आजा फाट्यापर्यंत चालत आला. गाडी दिसल्यावर म्हणाला, "सर, त्या टेलरांचं नाव काय?"

"दस्तगीर मास्तर."

"त्यास्नी माझा जय भीम सांगा."

अशोक पुढं शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत लागला. आज सुपरवायझर आहे, पोट सुटलंय, रविवारी अजून चेंडू खेळतो. मी मंडळाच्या पुढच्या बैठकीत विषय मांडला, की माप निवडीनंतर घ्या, समारंभ पंधरा दिवस पुढं ढकला. सगळे म्हणाले, बरोबर आहे, पुढच्या वर्षी बघू. मी निवृत्त होईपर्यंत पुढच्या वर्षीच बघत होतो.

पण निरोप तर पोचवायला हवा होता. गावाहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी मास्तरांच्या दुकानात गेलो. बाराच्या बारा कोट खुंट्यांना लटकत होते, बिल्ले लावायचं काम चाललं होतं. मी सगळी हकीकत सांगितली, पैरणीची सुद्धा, आणि आजाचा जय भीम दिला. मास्तरांनी सुई कापडात टोचून ठेवली, उजवा हात छातीवर नेला आणि मान लववली. मग चष्मा पुसत पुसत म्हणाले,

"मी त्यात काय विशेष केलं सर? मी सोळाच्या सोळा पोरांचं माप घेतो. बारा कोण, ते तुम्ही ठरवता."